पाहुण्यांच्या खोलीची गादी

बोरिवलीला आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा त्यात दोन बेडरूम होत्या, आणि दुसऱ्या बेडरूमचं काय करायचं हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. मूल अजून व्हायचं होतं. सासरची माणसं पुण्याला. ती वर्षाकाठी एकदा यायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. तरीही ती खोली असणं मला फार आवडायचं. मी परळला चाळीतल्या एका खोलीत वाढले. तिथं झोपताना कुणाचा पाय कुणाच्या डोक्याशी हे आधी ठरवावं लागे, आणि इथं दोन माणसांत एक आख्खी खोली उरत होती. कुणी घर बघायला आलं की मी तिचं दार उघडून सांगायची, "आणि ही पाहुण्यांची खोली." आत एक लोखंडी खाट, एक स्टूल आणि लग्नातल्या भेटवस्तूंची न उघडलेली खोकी एवढंच होतं.

आमची खोली मात्र मी हौसेनं सजवली होती. डबल बेड आणि त्यावर फोमची जाड गादी. त्या वर्षांत फोम ही मोठी नवलाई होती. आमच्या मजल्यावर तो पहिला आला आमच्याकडे. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या बायको मुद्दाम बघायला आल्या, गादीवर बसून दोनदा उसळल्या आणि "मजा आहे हो तुमची" म्हणून गेल्या. मी आठवडाभर हवेत होते. फोम आल्यावर माझ्या लग्नातली कापसाची गादी अडचणीची वाटायला लागली. ती मी भांडी घासायला येणाऱ्या बाईंना देऊन टाकली. दोघा जणांनी धरूनसुद्धा ती जिन्यातून खाली नेताना त्यांना घाम फुटला.

ती गादी माझ्या बाबांनी समोर बसून भरून घेतली होती. बाबा परळच्या एका गिरणीत कापूस खात्यात होते. कापसाच्या गाठी फोडायच्या, वेगवेगळ्या गावचा कापूस एकमेकांत मिसळायचा, मग तो पुढे मशिनींकडे जायचा. तीस वर्षं तेच केल्यामुळे त्यांच्या बोटांना कापूस कळायचा. चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांमध्ये धरून ओढायचे, सुटलेले तंतू तळहातावर पसरायचे आणि सांगायचे, हा भिजलेला आहे, ह्यात जुना घुसवलाय, हा चांगला आहे. खात्याचे साहेब शिकलेले होते, तरी शंका आली की बाबांना हाक मारायचे. आमच्या चाळीत तर रीतच पडली होती. लग्नात मुलीला गादी-उशा द्यायच्या असल्या की मुलीचा बाप रविवारी सकाळी बाबांना घेऊन गादीवाल्याकडे जायचा. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे. गादीवाला पुढ्यात कापूस टाकायचा, बाबा कोपरापर्यंत हात घालायचे आणि नुसती मान हलवायचे. हो किंवा नाही. त्यावर कुणी वाद घालत नसे. परत आल्यावर त्या घरी त्यांना पोहे आणि चहा. आयुष्यात बाबांना कुठे मान होता तर तो एवढाच, आणि त्यांना तो पुरत होता.

मग संप झाला. तो किती लांबला आणि कसा विझला हे मुंबईत कुणाला सांगायला नको. गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा बाबांना परत घेतलं नाही. आई त्याआधीच गेली होती. चाळीतल्या खोलीत भाऊ, वहिनी आणि बाबा असे तिघं. त्यात वहिनीला दिवस गेले. एका संध्याकाळी भाऊ माझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, बाळंतपण होईपर्यंत बाबांना तुझ्याकडे ने ना गं. तुझी एक खोली रिकामी आहे." मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? पण मनात जो पहिला विचार आला तो आनंदाचा नव्हता, हे कबूल करते. पहिला विचार आला की सोसायटीत काय सांगायचं.

बाबांनाही ते पटत नव्हतं. आमच्यात बाप लेकीच्या घरी जेवायला येतो, फार तर एक रात्र टेकतो. राहायला येत नाही. लेकीकडे राहिलेल्या बापाबद्दल गावात जे बोलतात, ते बाबा स्वतःच कितीदा बोलले असतील. म्हणून त्यांनी निरोप पाठवला, "चार दिवस येतंय." त्यांच्यासाठी ती अब्रू झाकण्याची सोय होती. मी मात्र ते चार दिवस घट्ट धरून ठेवले, आणि पुढचा सगळा कद्रूपणा त्यांच्याच आडून केला.

खाटेवर घालायला गादी हवी होती. शनिवारी हाफ डे होता. मी आणि माझे मिस्टर स्टेशनजवळच्या एका गाद्यांच्या दुकानात गेलो. निघताना हे म्हणाले, "अगं, बाबांनाच बोलवू या ना पसंत करायला. त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

"त्यांना कशाला परळहून इथवर दगदग?" मी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. बाबा आले असते तर त्यांनी हात घातला असता, मान हलवली असती, आणि मग मला चांगलीच गादी घ्यावी लागली असती.

दुकानदारानं आधी शुद्ध कापसाची दाखवली. मग काथ्याची दाखवली, ती खाटेसारखीच कडक होती. मी दोन्हीला नाकं मुरडली. त्यानं अनुभवी नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

"ताई, वापरणार कोण?"

"पाहुणे."

"म्हणजे रोजचं माणूस नाही ना?"

"छे हो. कधीतरी चार दिवस."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी दुकानाच्या छताकडे बघत राहिले.

दुकानदारानं पोऱ्याला वर चढवून पोटमाळ्यावरून एक निळ्या पट्ट्यांची गादी काढायला लावली. दिसायला टुमदार, कडा सरळ, टाके एका रेषेत. "पाहुण्यांना ही झकास," तो म्हणाला. "पण ताई, आधीच सांगतो, रोज झोपायला नको हां. आतला माल मिलचा आहे. झाडून काढतात ना खाली पडलेला, तो. धूळ सुटते थोडी."

त्यानं लपवलं असतं तर आज मला तोंड लपवायला जागा राहिली असती. त्यानं तीही ठेवली नाही.

हे मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "आपण थोडी बरी घेऊ या. बाबांची छाती आधीच नाजूक आहे."

"माझे बाबा आहेत. त्यांना काय चालतं ते मला माहीत आहे," मी म्हटलं, आणि दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात वर हेही म्हटलं, "मिलचाच माल आहे ना? बाबांच्या ओळखीचा निघेल."

दुकानदार हसला. हे हसले नाहीत. आम्ही ती गादी हातगाडीवर घालून घरी आणली.

मी असं का केलं याचा मी बरीच वर्षं विचार केला आहे. पैसे नव्हते म्हणावं, तर फोम नुकताच हौसेनं घेतलेला. पगार मीही आणत होते. पण सासरी मी गिरणी कामगाराची मुलगी म्हणून आले होते, आणि इथला पैसा माहेरच्या माणसावर खर्च करते असं कुणी म्हणेल याची मला सतत धास्ती असे. तसं कुणीही म्हणत नव्हतं. म्हणणारीही मीच आणि ऐकून लाजणारीही मीच. ज्या माणसाची मला मनातून लाज वाटत होती, त्याच्याच पाठीखाली मी ती गादी घातली. याहून चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

बाबा आले ते एक ट्रंक आणि सुंभानं बांधलेली चटई घेऊन. चटई मी दारातच त्यांच्या काखेतून काढून घेतली आणि माळ्यावर टाकली. कुणी बघितलं तर काय वाटेल! बाबांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि घरभर फिरून सगळं पाहिलं, नळ उघडून पाहिले, गॅलरीतून खाली पाहिलं. आमच्या खोलीच्या दारात मात्र ते थांबले.

"तुझी ती गादी खंय गेली गो?"

"पुण्याला पाठवली. सासूबाईंना हवी होती," मी म्हटलं.

"बरां केलंस," बाबा म्हणाले. त्यांना खरोखरच बरं वाटलं होतं. आपण पारखलेला कापूस विहीणबाईंच्या पाठीखाली गेला म्हणून ते दिवसभर खुशीत होते.

मग ते त्यांच्या खोलीत जाऊन खाटेवर बसले. बसताना एक हात बाजूला टेकला, आणि तो हात तिथंच थांबला. बोटं एकदा आत दाबली, सोडली, पुन्हा दाबली. आत काहीतरी बारीक करकरलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते.

"नवी आणलंस?"

"हो. चांगली आहे ना?"

बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरी आसा," म्हणाले. "कशाक खर्च केलंस?" आणि पाणी प्यायले.

कापसाबद्दल बाबांनी 'बरी आसा' म्हटलेलं मी त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं. ते हो म्हणायचे किंवा नाही म्हणायचे. त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं होतं. मी ओट्याशी जाऊन जोरजोरात भांडी आपटत स्वयंपाक केला.

दोन-तीन दिवसांनी सेक्रेटरीणबाईंनी मला जिन्यात गाठलं. "वडील राहायला आले वाटतं?"

"चार दिवस."

"खाली झोपतात की काय? आमचे सासरे बाई ऐकतच नाहीत, जमिनीवरच पथारी."

"छे हो, त्यांच्यासाठी नवी गादी घेतली. चांगल्या कापसाची," मी म्हटलं. कापूस कसला ते कुणी विचारलंही नव्हतं. उगाच तोंडातून निघून गेलं.

"लेक असावी तर अशी!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी ते सगळ्या बिल्डिंगला सांगितलं. पाण्याच्या टाकीजवळ बायका माझ्याकडे बघून कौतुकानं हसायच्या. मला ते कौतुक आवडायचं हे त्यातलं सगळ्यात वाईट. बाबांनाही मी बजावून ठेवलं होतं, "खाली बायकांशी बोलताना जरा शुद्ध बोला हं." ते बिचारे एकेक शब्द तपासून घेतल्यासारखे बोलायचे. घरात आले की मग मालवणी.

आठवड्याभरात त्यांचा खोकला सुरू झाला. हा खोकला आमच्या घरातला जुना. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी बाबा खात्यात शिरले की कापसाच्या धुळीनं त्यांची छाती आवळायची. सोमवारी संध्याकाळी त्यांच्याशी बोलायचं नाही हे आम्हांला लहानपणापासून शिकवलेलं होतं. गिरणी सुटली तसा तो खोकलाही सुटला होता. संपानं आमचं तेवढं एकच भलं केलं होतं. तेही मी परत घेतलं.

मी सांगितलं, नॅशनल पार्क जवळ आहे ना, इथली हवाच गार. मी सांगितलं, विड्या कमी करा. खोकल्याची बाटली आणली. बाबा निमूटपणे दोन-दोन चमचे घ्यायचे. एकदा फक्त म्हणाले, "माळ्यावरची ती चटई काढून दे गो. माका खाली बरां वाटतां."

माझा भडका उडाला. खरं बोलायची वेळ आली की माझा नेहमी भडका उडतो. "म्हणजे लोकांनी म्हणायचं, लेकीनं बापाला जमिनीवर घातलं! नवी गादी आणली ती काय शोभेला?"

"तसां न्हय गो," बाबा म्हणाले. पुन्हा त्यांनी चटई मागितली नाही.

यांनी दोनदा विषय काढला. "गादी बदलून टाकू या का?" मी दोन्ही वेळा म्हटलं, पुढच्या महिन्यात ते जातीलच. वहिनीला मुलगा झाला, पुढचा महिना आला आणि गेला. त्या एका खोलीत आता बारसं झालेलं बाळ होतं. बाबांना जागा नव्हती. ते 'चार दिवस' म्हणून आमच्याकडे आठ महिने राहिले, मग गावी गेले, आणि तिथंच गेले. अशी गादी का आणलीस, हे त्यांनी मला शेवटपर्यंत विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, म्हणून लिहिते आहे.

ते आमच्याकडे असतानाच, चैत्राच्या सुमाराला, त्यांचा खोकला अचानक कमी झाला. मला केवढं हायसं वाटलं! मी यांना ऐकवलं, "बघा, बाटलीनंच गुण आला. तुम्ही उगाच गादीच्या मागे लागला होतात."

आणि त्यानंतरच्या आठवड्यात, ऑफिसातले एक जुने साहेब वारले म्हणून आम्हांला दुपारीच सोडलं. दोनच्या सुमारास मी घरी आले. दाराला कुलूप होतं. शेजारी विचारलं, तर बाबा गच्चीवर आहेत म्हणाले. मी वर गेले.

गच्चीवर गहू वाळत घातले होते, आणि सेक्रेटरीणबाईंसह चार-पाच बायका तिथं होत्या. पण त्या गव्हाकडे बघत नव्हत्या. टाकीच्या सावलीत बाबा बसले होते. नाकातोंडावर रुमाल बांधलेला. पुढ्यात ती निळ्या पट्ट्यांची गादी, तिची एक बाजू उसवलेली. शेजारी वर्तमानपत्रांवर ढीग मांडले होते. एकात सरकी आणि पानांचा चुरा. एकात धाग्यांची तुटकी टोकं आणि रंगीत चिंध्या. एकात नुसती काळपट माती. आणि एका स्वच्छ पंचावर, बोटांनी मोकळा केलेला, जेमतेम ओंजळभर कापूस.

गादीच्या दुसऱ्या बाजूला नवे टाके होते. लहान, एकसारखे, गादीवाल्यापेक्षा सुबक. माझ्या लक्षात आलं की हे आजचं काम नव्हतं. आम्ही ऑफिसला गेलो की बाबा रोज हातभर उसवत होते, तेवढ्यातला कचरा वेचत होते, आणि मी यायच्या आत शिवून ठेवत होते. ज्या धुळीनं छाती भरायची तीच धूळ तोंडावर रुमाल बांधून उपसत होते, एवढंच की मला कळू नये. खोकला बाटलीनं गेला नव्हता.

मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या मनात पहिलं आलं ते, वाट लागली, या सगळ्यांनी पाहिलं.

"अहो आजोबा," सेक्रेटरीणबाई वाकून बघत म्हणत होत्या, "ह्या चिंध्या हो कसल्या? ही नवी गादी ना? तुमची मुलगी तर चांगल्या कापसाची म्हणत होती." आणि बोलता बोलता त्यांना मी दिसले. सगळ्याच वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

बाबांनीही पाहिलं. त्यांनी रुमाल हनुवटीखाली ओढला.

"तिनं नाही आणली ही," बाबा म्हणाले. सावकाश, मी सांगून ठेवलं होतं तसं शुद्ध. "तिनं मला सांगितलं होतं, चांगली घ्या म्हणून. दुकानात मी गेलो. मीच फसलो."

"तुम्ही? अहो, तुम्ही तर गिरणीत कापसातच होतात ना इतकी वर्षं?"

"होतो," बाबा म्हणाले. "पण आम्ही गाठी उचलणारी माणसं. आम्हांला कापसातलं काय कळतंय?"

बायका हसल्या. त्यात वाईट काही नव्हतं. म्हातारा माणूस दुकानात फसला, याला लोक हसतात तसंच. बाबाही त्यांच्याबरोबर थोडे हसले. इस्त्रीचा शर्ट घालून गादीवाल्याकडे जाणारे माझे बाबा, ज्यांनी नुसती मान हलवली की चाळीतली लग्नं पुढे सरकायची, ते पाच परक्या बायकांसमोर म्हणत होते की मला कापसातलं काही कळत नाही.

तेव्हा मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की गादी मी आणली. त्यानं काय झालं असतं? सेक्रेटरीणबाई दोन दिवस कुजबुजल्या असत्या. घरी हे एक अक्षर बोलले नसते. आणि बाबांचं जे एकच होतं, ते त्यांचं त्यांना परत मिळालं असतं. मी तोंड उघडलं.

"मी म्हणत होते ना, बाबा, दुकानात जाताना मला बरोबर न्या," मी म्हटलं. "पण ऐकतात कुठे!"

"बघा!" सेक्रेटरीणबाई बाबांना म्हणाल्या. "लेकीचं ऐकावं हो, आजोबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रुमाल पुन्हा नाकावर चढवला, मागे गाठ मारली, आणि त्याच्या आडूनच म्हणाले, "हो, म्हणाली होती."